नाम आधी पक्कं कर

तू विचारलंस, "काका, ब्राउझरला आज्ञा टाइप करून कामं करून घ्यायची साधनं आधी शिकू, की सिमँटिक वेब?" वाचनालयाची जुनी ग्रंथयादी लावायचं काम तू अंगावर घेतलं आहेस, त्यातूनच हा प्रश्न आला असणार. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. साधनं भरभर शीक आणि त्यांच्यात फार गुंतू नकोस. माहितीतल्या प्रत्येक माणसाला, गावाला, पुस्तकाला पक्की ओळख देण्याच्या कामाला मात्र भरपूर वेळ दे. असं का म्हणतो, ते सांगतो आणि सांगता सांगता हाताला उपयोगी पडतील अशा काही गोष्टीही सांगतो.

२६ ऑगस्ट २००८ रोजी मोझिला लॅब्जने फायरफॉक्ससाठी 'युबिक्विटी' नावाचं प्रायोगिक ॲड-ऑन लोकांसमोर ठेवलं. त्यामागे एझा रास्किन होते. त्यांचे वडील जेफ रास्किन यांनी ॲपलमध्ये मॅकिंटॉशचा प्रकल्प सुरू केला होता. युबिक्विटीची कल्पना फार सुंदर होती. पानावर एखादा पत्ता दिसला की तो निवडायचा, कंट्रोल आणि स्पेस दाबायचं आणि 'मॅप' असं टाइप करायचं. नकाशा तिथेच दिसायचा आणि तोच नकाशा लिहीत असलेल्या ईमेलमध्ये घालता यायचा. परक्या भाषेतला परिच्छेद निवडून 'ट्रान्सलेट' म्हटलं की भाषांतर जागच्या जागी व्हायचं. नवी आज्ञा हवी असेल तर जावास्क्रिप्टच्या थोड्या ओळी लिहून ती स्वतः बनवता यायची. या साइटवरून त्या साइटवर कॉपी-पेस्ट करत फिरायचं ते काम एका ओळीवर आलं होतं.

पुढे काय झालं? मोझिलाने त्यावरचं काम थांबवलं. मग २०१७ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्सची ५७ वी आवृत्ती आली आणि जुन्या पद्धतीची सगळी ॲड-ऑन एकदम बंद पडली. फायरफॉक्समध्ये विकसकांसाठी आणखी एक आज्ञापट्टी होती. शिफ्ट आणि एफ-२ दाबलं की ती खिडकीच्या तळाशी उघडायची. तीही गेली. तिच्यातली पूर्ण पानाचा फोटो घेण्याची आज्ञा तेवढी कन्सोलमध्ये शिल्लक राहिली. म्हणून साधनांवर फार जीव लावू नकोस, असं मी म्हणतो. ती चांगली नव्हती म्हणून गेली असं नाही. ज्या जमिनीवर ती उभी होती ती जमीनच दुसऱ्याच्या मालकीची होती आणि मालकाने तिचा नकाशा बदलला.

युबिक्विटीची खरी अडचण मात्र वेगळी होती आणि तुझ्या कामाशी तिचाच संबंध आहे. 'याचा नकाशा दाखव' ही आज्ञा देणं सोपं आहे, पण 'हा' म्हणजे नेमका काय हे ब्राउझरला कसं कळणार? निवडलेला मजकूर पत्ता आहे की तारीख, की कुणाचं नाव, हे यंत्राला अक्षरांकडे बघून ताडावं लागायचं. कधी जमायचं, कधी फसायचं. क्रियापद ब्राउझरच्या हातात होतं, पण नाम वेबवरच्या पानात होतं आणि त्या पानाने आपल्यातल्या नामांची ओळख कुठे लिहूनच ठेवलेली नव्हती. आपल्याला मराठी बोलणाऱ्यांना हे चटकन पटावं. आपण आधी वस्तूचं नाव घेतो, क्रियापद शेवटी येतं. जेफ रास्किनही आपल्या २००० सालच्या पुस्तकात हेच सांगत होते की माणसाने आधी वस्तू निवडावी, मग कृती. २००९ मध्ये युबिक्विटीला इतर भाषांसाठी नवं पार्सर, म्हणजे आज्ञेचं वाक्य उलगडणारा भाग, मिळालं, तेव्हा जपानीसारख्या क्रियापद शेवटी येणाऱ्या भाषांमुळे तिच्या कर्त्यांनाही या क्रमाचा विचार करावा लागला. वस्तू कोणती हे पक्कं असेल तर तिचं काय काय करता येईल, हे यंत्र आपण होऊन सुचवू शकतं.

सिमँटिक वेबची कल्पना याच नामांच्या ओळखीची आहे. मे २००१ मध्ये टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये ती सविस्तर मांडली. पानावरचा मजकूर माणसाला कळतोच, पण तो कशाबद्दल आहे हे यंत्रालाही कळेल अशा रीतीने लिहायचं. त्यासाठी माहिती तीन पदांच्या छोट्या वाक्यांत मोडायची. 'राम गणेश गडकरी – जन्मस्थळ – नवसारी' हे असं एक वाक्य. तिन्ही पदांना स्वतःची कायमची खूण. एवढंच. यापलीकडची जड परिभाषा तुला लागेल तेव्हा बघ.

आता ब्राउझरचं बघू.

युबिक्विटीमध्ये जे होतं त्यातलं बरंच आजच्या साध्या ब्राउझरमध्येही आहे, फक्त विखुरलेलं आहे. फायरफॉक्समध्ये एखाद्या शोधपानाचा बुकमार्क कर. त्या पत्त्यात शोधशब्दाच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून लहान लिपीतला इंग्रजी एस लिही, आणि बुकमार्कला एक-दोन अक्षरी कीवर्ड दे. मग ॲड्रेस बारमध्ये ती अक्षरं, एक स्पेस आणि शोधायचा शब्द टाइप केला की थेट उत्तराच्या पानावर पोचशील. क्रोममध्ये हेच काम साइट सर्चच्या सेटिंगमध्ये होतं. मराठी विश्वकोश, विकिडेटा हा खुला माहितीसाठा आणि तुमच्या वाचनालयाची यादी ऑनलाइन असेल तर ती, अशा तीन ठिकाणांपासून सुरुवात कर. फायरफॉक्सच्या ॲड्रेस बारमध्ये आधी तारका टाकून शब्द लिहिला तर शोध फक्त बुकमार्कमध्ये होतो आणि टक्क्याचं चिन्ह टाकलं तर फक्त उघड्या टॅबमध्ये. तुझ्याकडे एका वेळी किती टॅब उघडे असतात ते मी पाहिलं आहे, तेव्हा हे दुसरं चिन्ह आजच लक्षात ठेव. क्रोमची विकसक-साधनं उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाब. जो आज्ञांचा चौकोन उघडतो त्यात पूर्ण पानाचा फोटो घेण्याची आज्ञाही सापडेल. जुन्या साइटवरची यादी बदलण्याआधी तिचा असा फोटो घेऊन ठेवावा.

प्रयोगासाठी ब्राउझरची वेगळी प्रोफाइल कर, हे मात्र कटाक्षाने पाळ. त्या प्रोफाइलमध्ये बँक नको, घरचं ईमेल नको. युबिक्विटीमध्ये दुसऱ्याने लिहिलेली आज्ञा घेता यायची, पण तिला ब्राउझरइतकेच अधिकार मिळायचे, म्हणून घेताना मोठा इशारा दिसायचा. आजचं एक्स्टेंशन घालतानाही 'सर्व साइटवरची तुमची माहिती वाचण्याची आणि बदलण्याची' परवानगी मागितली जाते. ते वाक्य शब्दशः खरं असतं. यूजरस्क्रिप्ट, म्हणजे दुसऱ्याच्या पानावर चालणारी आपली छोटी स्क्रिप्ट, लिहिलीस तर ती कोणत्या पत्त्यांवर चालेल हे जितकं नेमकं लिहिता येईल तितकं लिही. आणि कन्सोलमध्ये परक्याने पाठवलेल्या ओळी चिकटवू नकोस. आता ब्राउझरही चिकटवण्याआधी तुझ्याकडून परवानगीचे शब्द टाइप करून घेतो. त्याला कंटाळू नकोस. कुणीतरी 'हे चिकटवा, बक्षीस मिळेल' म्हणून सांगितल्यावर खाती गमावलेल्या लोकांमुळे तो अडसर आला आहे.

एखाद्या पानाने आपल्यातल्या नामांची ओळख लिहून ठेवली आहे की नाही, हे बघायची सोपी रीत आहे. कंट्रोल आणि यू दाबून पानाचा सोर्स उघड आणि त्यात 'एलडी', अधिक चिन्ह, 'जेसन' अशी इंग्रजी अक्षरं शोध. वर्तमानपत्रांच्या आणि पाककृतींच्या पानांवर बहुधा सापडतील. तिथे मथळा, लेखक, प्रकाशनाची तारीख वेगवेगळ्या कप्प्यांत लिहिलेली दिसेल. ती शब्दावली स्कीमा डॉट ऑर्गची. २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून ती सुरू केली. तुझ्या वाचनालयाची साइट झाली की प्रत्येक पुस्तकाच्या पानावर असा तुकडा घाल. वाचकाला तो दिसणार नाही, पण पुढे कोणतंही साधन आलं तरी त्याला तुझं पुस्तक पुस्तक म्हणून ओळखता येईल.

आता तुझ्या यादीकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरं काम इथेच आहे.

जुन्या ग्रंथयादीत गडकरी कसे येतात ते बघ. 'एकच प्याला'पुढे 'रा. ग. गडकरी' असतं, तर कुठे 'गडकरी, राम गणेश'. 'वाग्वैजयंती'पुढे 'गोविंदाग्रज'. विनोदी लेखांच्या पुस्तकापुढे 'बाळकराम'. कारकुनाने मुखपृष्ठावर दिसलं ते प्रामाणिकपणे उतरवलं, त्याचं काहीच चुकलं नाही. पण यंत्राच्या लेखी हे चार वेगळे लेखक झाले. नुसतं 'गडकरी' लिहिलेलं पुस्तक माधव गडकरींचंही असू शकतं. म्हणून यादीत आणखी एक स्तंभ कर आणि त्यात लेखकाचा विकिडेटावरचा क्रमांक लिही. विकिडेटा २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सुरू झालं. तिथे प्रत्येक गोष्टीला इंग्रजी क्यू अक्षरापुढे एक क्रमांक मिळतो, तो कोणत्याही भाषेचा नसतो. मराठी भाषेचा स्वतःचा क्रमांक १५७१, महाराष्ट्राचा ११९१. गडकऱ्यांचा एकच क्रमांक चारही नोंदींपुढे पडला की चौघे एक झाले. मूळ स्तंभातलं 'गोविंदाग्रज' मात्र पुसू नकोस. मुखपृष्ठावर जे छापलं आहे तीही माहितीच आहे, आणि कवितेच्या वाचकाला तेच नाव हवं असतं.

हजारो नोंदी हाताने जुळवणं शक्य नाही. त्यासाठी 'ओपनरिफाइन' वापर. या साधनाची कहाणी तुला सांगण्यासारखी आहे. मेटावेब नावाच्या कंपनीने 'फ्रीबेस' हा मोठा माहितीसाठा उभारला होता आणि त्यातली माहिती साफ करायला हे साधन 'ग्रिडवर्क्स' या नावाने बनलं. २०१० मध्ये गूगलने कंपनी घेतली आणि साधनाचं नाव बदललं. २०१६ मध्ये फ्रीबेस बंद झालं. साधनाचा कोड खुला होता म्हणून ते आजही लोकांच्या हातात आहे, आणि फ्रीबेसमधल्या माहितीचा काही भाग विकिडेटात गेला. खुलं ठेवलेलं टिकलं, बंद ठेवलेलं गेलं. कोणत्याही साधनात मेहनत घालण्याआधी एवढं विचार, की हे उद्या बंद झालं तर माझी माहिती मला साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येईल का? उत्तर 'नाही' असेल तर ते साधन सोड.

ओपनरिफाइनमध्ये लेखकांचा स्तंभ निवडून तो विकिडेटाशी जुळवायला सांगितला की प्रत्येक नावापुढे संभाव्य नोंदी येतात. आपोआप जुळलेल्याही एकदा डोळ्यांखालून घाल. आद्याक्षरांची नावं असलेल्या आपल्या लेखकांत घोळ होतोच. जन्मसाल आणि पुस्तकाचं प्रकाशनसाल शेजारी ठेवलं की बऱ्याच चुका तिथल्या तिथे दिसतात. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. त्यांच्या नावावर त्यानंतर छापलेलं पुस्तक दिसलं तर ते मरणोत्तर आहे की दुसऱ्याच गडकऱ्यांचं, हे पुस्तक हातात घेऊन बघ.

जुळणी करण्याआधी मजकुराची अक्षरं साफ कर, नाहीतर सगळी मेहनत वाया जाईल. जुनी यादी श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेली असेल तर ती पडद्यावर मराठी दिसते, पण आतून ती रोमन अक्षरांचीच रांग असते. आधी ती युनिकोडमध्ये आण, आणि रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं नीट तपास. दुसरी गोष्ट याहून बारीक आहे. 'दुसऱ्या' हा शब्द घे. त्यातला अर्धा र आतून दोन तऱ्हांनी लिहिलेला असू शकतो. एकात खाली टिंब असलेला र आणि हलन्त असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह असतं. डोळ्याला दोन्ही सारखेच. शोधताना मात्र एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. युनिकोडची नेहमीची सारखं करण्याची प्रक्रिया चालवूनही हा भेद जात नाही, तो आपणच बदलून घ्यावा लागतो. 'ॲ'चंही तसंच. एक अक्षर म्हणून लिहिलेला असतो, किंवा अ आणि वरची चंद्रखूण असा दोन भागांत. एक रूप ठरव, सगळी यादी त्यात आण, आणि काय ठरवलंस ते यादीसोबतच्या टिपेत लिहून ठेव. तुझ्यानंतर कुणीतरी ही यादी हातात घेईल, त्याला ती टीप लागेल. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइल नुसती दोनदा क्लिक करून उघडू नकोस, देवनागरीचा चिखल होण्याचा संभव असतो. डेटा मेनूतून आत घे आणि युटीएफ-८ निवड.

मग गंमत सुरू होते. विकिडेटाला प्रश्न विचारता येतो, त्याची भाषा स्पार्कल. जानेवारी २००८ मध्ये ती मानक म्हणून जाहीर झाली. 'मराठीत लिहिणारे, गोव्यात जन्मलेले लेखक दाखव' असं तू विचारू शकतेस आणि उत्तरं नकाशावरही मांडू शकतेस. पहिल्या प्रश्नाला नेहमी मर्यादा घाल, दहाच उत्तरं माग. प्रश्न बरोबर आहे हे दिसल्यावर मर्यादा काढ. साठ सेकंदांत उत्तर निघालं नाही तर सेवा प्रश्न सोडून देते, तेव्हा मोठा प्रश्न तुकड्यांत विचार. नावं मराठीत हवी असतील तर भाषांच्या यादीत आधी मराठीचा संकेत दे, मग इंग्रजीचा. मराठी नाव नसलेल्या नोंदी त्यातून लगेच उघड्या पडतात.

नवशिक्याला न दिसणारा एक खड्डा इथे आहे. लेखकाचं नाव, जन्मतारीख आणि मृत्यूची तारीख अशा तिन्ही गोष्टी मागितल्यास, तर ज्यांची मृत्यूची तारीख नोंदलेली नाही ते सगळे उत्तरातून गळतात. हयात लेखक सगळेच गेले! जी गोष्ट असेल तर हवी आणि नसेल तरी चालेल, ती 'ऑप्शनल' म्हणून माग. आणि उत्तर कितीही भरगच्च दिसलं तरी ते पूर्ण आहे असं धरू नकोस. नोंद नाही याचा अर्थ माणूस नव्हता असा होत नाही, कुणी नोंद केली नाही एवढाच होतो. जुन्या पिढीतल्या कितीतरी लेखिकांच्या बाबतीत असं झालं आहे. विकिडेटाच्या उत्तरावरून 'त्या काळी या जिल्ह्यात बाया लिहीत नव्हत्या' असा निष्कर्ष कुणी काढला, तर त्याला तुझ्या वाचनालयातलं कपाट उघडून दाखव.

तारखांच्या बाबतीत जपून राहा. शिवाजी महाराजांची जन्मतिथी महाराष्ट्र शासनाने फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० अशी मानली आहे. ही तारीख ज्युलियन कॅलेंडरची. आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरने तोच दिवस १ मार्च येतो. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे ६ एप्रिल १६२७ अशी दुसरी तारीखही परंपरेत होती. साध्या तक्त्यात एकच कप्पा असतो, म्हणून माणूस एक तारीख ठेवतो आणि दुसरी फेकून देतो. विकिडेटात दोन्ही विधानं ठेवता येतात, प्रत्येकाला आपापला आधार जोडता येतो, कॅलेंडर कोणतं ते सांगता येतं आणि कोणतं विधान अग्रक्रमाचं हेही ठरवता येतं. मला या साऱ्या व्यवस्थेतलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. वाद पुसून टाकायची इथे सक्ती नाही, फक्त कोण कशाच्या आधारे काय म्हणतं ते लिहायचं. आधार नसलेलं विधान मात्र तू स्वतः घालू नकोस, ते तुला खात्रीने ठाऊक असलं तरी. पुस्तकाचं नाव आणि पृष्ठक्रमांक दे, मग घाल.

विकिडेटातली माहिती सार्वजनिक स्वामित्वात सोडलेली असते. तू घातलेली तारीख उद्या कुणीही, कशासाठीही, न विचारता वापरेल. म्हणून हयात माणसांचे पत्ते, फोन, घरची माहिती तिथे नको, आणि वाचनालयाच्या सभासदांची नोंदवही तर या कामाच्या जवळही आणू नकोस.

तुमच्या वाचनालयात जे आहे ते मोठ्या शहरातल्या ग्रंथालयातही नसेल. जिल्ह्याबाहेर न गेलेली छोटी पुस्तकं, स्थानिक छापखान्यांची नावं, लेखकाच्या हातची सही असलेल्या प्रती. त्यांतल्या बऱ्याच लेखकांची विकिडेटावर नोंदच नसेल, असली तर जन्मसाल नसेल, असलं तर आधार नसेल. येत्या रविवारी कपाटातून असा एक लेखक निवड, त्याच्या पुस्तकाचं शीर्षकपान समोर ठेव आणि त्याची नोंद आधारासह पूर्ण कर. अडलीस तर फोन कर.